खात्यात पैसा आला, पट्ट्याचं काय?



मागच्या बैठकीला माणसं कमी होती. बाजाराचा दिवस नव्हता, कुणाच्या घरी लगीन नव्हतं, कापूसही निम्मा वेचून झाला होता. तरी सतरंज्या मोकळ्या. आलेल्यांपैकी एका जवान पोरानं उठून सरळ विचारलं, "काका, मायच्या खात्यात महिन्याला पंधराशे येतात. रेशन मिळतं. मग पट्ट्यासाठी किनवटच्या चकरा कशाला? एका चकरीला एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं."

त्याच्यावर कुणी चिडलं नाही. प्रश्न खरा आहे, आणि तो एकट्याचा नाही. बैठकीला जे आले नाहीत, त्यांचाही बहुतेक हाच प्रश्न असेल. म्हणून या अंकात त्याचं उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी एक कबूल करू. हा पैसा कामाला येतो. लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये. पहिले पैसे त्याच वर्षी राखी पौर्णिमेच्या तोंडावर आले. त्या दिवसांत बँकेसमोर केवढी रांग होती ते आपण पाहिलंय. ज्या बाईनं जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती, ती पासबुक पदरात बांधून उभी होती.

त्याच बैठकीत आम्ही बायांना विचारलं, पैसा कुठं गेला ते सांगा, लाजू नका. एकीनं दुकानाची जुनी उधारी फेडली. एकीनं शेळी घेतली, आता दोन पिलं आहेत. एकीनं पोरीला आश्रमशाळेतून सुट्टीत घरी आणलं आणि दवाखाना केला. एक म्हणाली, "यंदा मुकादमाची उचल घेतली नाही. दसऱ्याला घरात पैसा होता, म्हणून तोडीला जायला नाही म्हणता आलं." एकीनं खाली मान घालून सांगितलं की दोन महिन्यांचे पैसे नवऱ्यानं दारूत घातले. आणि एक म्हणाली, "पैसा आला की त्याच दिवशी बारक्या कर्जाचा वसुलीवाला दारात. आमच्या आधी त्याला कळतं."

हे सगळं खरं आहे. चांगलंही, वाईटही. पण वरच्या गावातले बागायतदार जे बोलतात, की फुकटच्या पैशानं बाया आळशी झाल्या, मजूर मिळेना, ते आम्ही मानत नाही. पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोण आळशी होतो? त्यांचं दुखणं वेगळं आहे. घरात चार पैसे असले की बाई पडेल त्या मजुरीला मान हलवत नाही, दर विचारते. आणि हा पैसा कुणी आपल्या घरातून देत नाही. मीठमिरचीपासून साबणापर्यंत आपण जे विकत घेतो त्याच्यावर आपणही कर भरतो. तेव्हा घेताना मान खाली घालायची गरज नाही.

आपल्या लोकांना सरकारची मदत काही आज पहिल्यांदा मिळत नाही. आदिवासी विकास विभागाची खावटी १९७८ पासूनची. पावसाळ्याच्या उपाशी महिन्यांत सावकाराच्या दीडपटीतून सुटका व्हावी म्हणून ते कर्ज होतं. पुढं ते बंद पडलं. कोरोनात, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ते एका वर्षापुरतं अनुदान म्हणून पुन्हा काढलं. राज्यातल्या ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४ हजार, त्यातले २ हजार खात्यात आणि २ हजारांच्या वस्तू. कडधान्य, डाळी, साखर, तेल, तिखट, मीठ, चहापत्ती. उपाशी महिन्यांसाठीची मदत, पण ठरवता ठरवता पावसाळा संपत आला आणि वाटप पुढच्या वर्षात गेलं. तेव्हाही आपण म्हणत होतो की सगळंच खात्यात द्या, डाळ कुठली घ्यायची ते आम्हाला कळतं. म्हणजे रोख पैशाला आपला विरोध कधीच नव्हता.

आता त्या खावटीच्या यादीकडं जरा बघा. यादीत कोण होतं? रोजगार हमीवर राबलेले मजूर, कोलाम, कातकरी, माडिया यांची कुटुंबं, पारधी कुटुंबं, विधवा आणि भूमिहीन, आणि १ लाख ६५ हजार वनहक्कधारक कुटुंबं. वनहक्कधारक म्हणजे ज्यांच्या हातात पट्टा आहे ते. ज्यांचा दावा कपाटात पडून होता, त्यांना या रांगेत जागा नव्हती. जमीन कसणारे दोघंही, पण एकाच्या हातात कागद आणि दुसऱ्याचे हात रिकामे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येऊ. माय घरात पैसे आणते, पण बापाच्या खात्यात किसानचा हप्ता का येत नाही? केंद्राच्या किसान सन्मानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६ हजार, मिळून १२ हजार. वनपट्टा असलेला शेतकरीही त्यात बसतो. त्याचा बाप वीस-पंचवीस वर्षं तेच रान कसतोय, पण पट्टा नाही म्हणून सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही.

२०२५ चा पाऊस आठवा. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं दावणीला मेली. सप्टेंबरातही नांदेड-लातूरला पावसानं सोडलं नाही. आपल्याकडं सोयाबीन उभ्या जागी सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, तीन हेक्टरपर्यंत. पैसा थेट खात्यात. पण कुणाच्या? ज्याची जमीन कागदावर आहे आणि ज्याला शेतकरी ओळख क्रमांक आहे, त्याच्या. तलाठी पंचनाम्याला आला तो सातबारा घेऊन आला. ज्या रानाला सातबारा नाही, त्या रानात पाऊस पडलाच नाही म्हणा!

हिशोब मांडू. पोराच्या बापाकडं दोन हेक्टर कोरडवाहू रान आहे. पट्टा असता तर त्या एका वर्षात नुकसानभरपाईचे ३७ हजार आणि किसान-नमोचे १२ हजार, मिळून ४९ हजार त्याला लागू झाले असते. वर पीककर्ज आणि पीकविमा मागता आला असता. मायला वर्षाचे मिळतात १८ हजार. म्हणजे पट्ट्याची चकरी चुकवून एका दिवसाची मजुरी वाचली, आणि ४९ हजारांवरचा हक्क सांगता आला नाही. बापू, मजुरी कुठं बुडाली ते तूच सांग.

सरकारची ही दोन तोंडं आपण एकाच महिन्यात पाहिलीत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. आणि याच दोन तारखांच्या मधी, २४ फेब्रुवारीला, किसान सन्मानचा पहिला दोन हजारांचा हप्ता वाजतगाजत वाटला गेला. ज्याच्या नावावर जमीन त्याला हप्ता, ज्याच्या नावावर नाही त्याला घर सोडायची भीती. हे विसरायचं नाही.

पैसा आणि जमीन दोन्ही हातात असले की काय होतं, ते शेजारच्या मध्य प्रदेशात दिसलंय. २०११-१२ मध्ये तिथं सेवा या बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, लेकराला १००, पुढं वाढवून ३०० आणि १५०. अट कुठलीच नाही. त्यात एक गाव आदिवासींचं होतं. लोक दारू पिऊन पडले नाहीत. खाणं सुधारलं, बीबियाणं घेतलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या. आदिवासी गावात तर लोक दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून आपल्याच शेतात जास्त राबू लागले. आपलं शेत होतं म्हणून! रान आपलं असेल तर हातात आलेले तीनशे रुपये त्यात पेरता येतात. रान आपलं नसेल तर तेच पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जातात आणि पुढच्या महिन्याच्या तारखेकडं डोळे लावून बसावं लागतं.

आणि ही तारीख आपल्या हातात नाही. कुठला महिना वेळेवर, कुठला लांबतो. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, मग ३१ डिसेंबर २०२५ केली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला. नवरा मेलेला, बाप मेलेला, तिनं काय करावं? गुड्यावर मोबाईलला रेंज नाही, ओटीपी टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही. पट्टा असा दर वर्षी नव्यानं सिद्ध करावा लागत नाही. तो एकदा मिळाला की लेकराबाळांना वारसानं जातो.

हा पैसा येतो कुठून, तेही समजून घ्या. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख. म्हणजे आदिवासी बाईला मिळणारे पंधराशे काही अंशी आदिवासींच्याच आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या, पाण्याच्या खात्यातून काढलेले आहेत. योजना सगळ्या राज्यासाठी आहे ना? मग तिचा पैसा सगळ्या राज्याच्या तिजोरीतून द्या. आमच्या एका खिशातून काढून आमच्याच दुसऱ्या खिशात घालायचा आणि वर भाऊबीज म्हणायची, हे आम्हाला मंजूर नाही. पंधराशे बंद करा असं आम्ही म्हणत नाही. आदिवासी उपयोजनेचा पैसा आदिवासी उपयोजनेलाच राहू द्या, असं म्हणतो.

आणखी एक गोष्ट कानावर येतेय. ज्या बाईला स्वतःच्या नावावर किसान-नमोचे १२ हजार मिळतात, तिला लाडकी बहीणचे १५०० ऐवजी ५०० च देतात. नियम तसा आहे. त्याच्यावरून काही घरांत बोललं जातंय की पट्ट्यावर बाईचं नावच नको, उगाच हजार रुपये जातील. साथींनो, हा घाट्याचा सौदा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४ (४) मध्ये स्पष्ट लिहिलंय, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा. हा बाईचा हक्क आहे, तो कुणी माफ करायचा नाही. किसानचा हप्ता एका कुटुंबात एकाच्याच खात्यावर येतो. तो कुणाच्या खात्यावर घ्यायचा ते घरात बसून ठरवा, पण पट्ट्यावरचं नाव कापू नका. उद्या नवरा गेला, दिरानं दाराबाहेर काढलं, तर हजार रुपये तिला वाचवणार नाहीत. पट्ट्यावरचं नाव वाचवील.

पैसा एकेकट्याच्या खात्यात येतो तसा माणूसही एकेकटा होतो. पण पैसा खात्यात आला तरी गाव एकत्र राहू शकतं, हे लातूर जिल्ह्यानं दाखवलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पार भुईसपाट झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. पण ज्या शेकडो गावांत घरं तडकली, पडझड झाली, तिथं सरकारनं घर बांधून दिलं नाही. घरमालकाच्या खात्यात टप्प्याटप्प्यानं पैसे दिले आणि दुरुस्ती त्याची त्यानं करायची, असं ठरलं. हे पैसे मधेच कुठं मुरू नयेत म्हणून गावोगावच्या महिला मंडळातल्या बायांना संवाद सहायक नेमलं. कुणाचा हप्ता आला, कुणाचा अडला, सिमेंट किती, गवंड्यानं काम नीट केलं का, हे त्या बघायच्या. साध्या शेतमजूर बाया इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. पैसा घराघराचा होता, पण हिशोब गावाचा होता. आपल्याला तेच करायचंय.

म्हणून आता कामाचं बोलू.

पहिलं काम. प्रत्येक गुड्यावर, पोडावर एक वही करा. कोणाचा दावा कधी दिला, पोच आहे का, ग्रामसभेत अडला, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत, ते लिहा. वही वनहक्क समितीच्या एखाद्या बाईच्या घरी ठेवा.

दुसरं. दावा फेटाळला असं नुसतं तोंडी ऐकून गप बसू नका. कारणासकट लेखी मागा. लेखी मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. जिल्हा समितीनं नाकारलं तरी २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळं अनुसूचित क्षेत्रातल्या दावेदाराला विभागीय समितीकडं जाता येतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे. त्याला दोन पुरावे पुरतात, आणि त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही चालतो. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, निजामाच्या अंमलातलं. जुने कागद उर्दूत, कुठल्या तरी दफ्तरात. ते आणा म्हणून कुणी अडवलं तर सांगा, अमुकच कागद पाहिजे असा हट्ट कायद्याला मान्य नाही. म्हाताऱ्यांचे जबाब मात्र आत्ताच लिहून घ्या. म्हातारं माणूस गेलं की साक्ष गेली.

तिसरं. ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी तो पेटीत ठेवून समाधान मानू नका. पट्टा मिळाल्यावर त्याची नोंद महसूल दप्तरात तीन महिन्यांच्या आत व्हायला पाहिजे, असं २०१२ च्या सुधारित नियमात आहे. ती झाली का ते तलाठ्याकडं बघा. नोंद नाही तर ओळख क्रमांक अडतो, आणि क्रमांक अडला की भरपाई अडते.

चौथं. ई-केवायसी. ज्या पोरांकडं चांगला मोबाईल आहे त्यांनी आपल्या गुड्यावरच्या बायांची ती करून द्यावी, एक रुपया न घेता. ज्यांचा नवरा वा बाप हयात नाही त्यांना अंगणवाडीताईकडं घेऊन जा, कागद द्या, पोच घ्या. अंगठा लावताना किती काढले ते मोठ्यानं विचारा आणि पावती घ्या.

पाचवं. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा २०१५ पासून थेट येतो. ही पण रोख मदतच आहे, पण ती गावाच्या नावानं. ग्रामसभेत उठून विचारा, कोषात किती आले, कशावर गेले, सही कुणाची. ज्या गावात हे विचारलं जात नाही, तिथं ग्रामसभेचा पैसा दोन-तीन माणसांचा होतो.

सहावं काम त्या पोराच्या प्रश्नातूनच निघालं. बैठक उठता उठता एक म्हातारी माय म्हणाली, "चकरीची मजुरी बुडते हे खरं हाय. मग ती एकट्याचीच कामून बुडावी?" त्याच्यावरून बायांनी ठरवलं, पंधराशे आले की त्यातले वीस रुपये जमिनीच्या पेटीत टाकायचे. त्यातून जो पट्ट्याच्या कामाला किनवटला, नांदेडला जाईल त्याचं गाडीभाडं, झेरॉक्सचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्यायची. पेटीची किल्ली एकीकडं, वही दुसरीकडं. पहिली चकरी त्याच पोरानं करायची, असंही ठरलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. बाकीच्या गुड्यांनी आपापल्या बैठकीत हे ठरवावं आणि पुढच्या अंकासाठी कळवावं.

सरकार पैसे देतंय ते घ्यायचे. निवडणूक आली की वाढतील, निवडणूक गेली की चाळण लागेल, हे धरून चालायचं. मदत देणाऱ्याचा हात कधीही आखडू शकतो. जमीन मात्र आपली आहे. आज्यापणज्यांनी ती तोडली, भाजली, कसली. जोडेघाटात १९४० साली कोमराम भीम पडला तो याच जमिनीसाठी, आणि जोडेघाट काही आपल्यापासून लांब नाही.

ज्याला वाचता येतं त्यानं हे बाकीच्यांना वाचून दाखवावं. विशेषतः जे बैठकीला आले नव्हते त्यांना.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
पट्टा दोघांच्या नावाचा, हिशोब सगळ्या गावाचा!